चांदीचा खटला आणि २८० माणसं: 'तिलावा' आणि समुद्रतळाचा कायदा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय कायद्याचा आहे, पण घाबरू नका, कलमं मोजकीच सांगणार आहे. विषय आहे समुद्राच्या तळाशी गेलेली जहाजं. ती कोणाची? त्यातला माल कोणाचा? त्यांना हात कोणी लावायचा आणि कोणाला विचारून? हे सगळं एका बोटीच्या निमित्तानं सांगतो. ही बोट आपल्या मुंबईतून निघाली होती. नाव 'तिलावा'.

'रामदास' बोट म्हटलं की कोकणात अजूनही घराघरात काहीतरी आठवण निघते. १७ जुलै १९४७, रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. पण 'तिलावा' हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. म्हणून आधी ती गोष्ट.

२० नोव्हेंबर १९४२. दुसरं महायुद्ध ऐन भरात. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' मुंबईहून निघाली, मोंबासा, मापुटो आणि डर्बनकडे. मापुटोला तेव्हा लॉरेन्सो मार्किस म्हणायचे. बोटीवर एकूण ९५८ माणसं: ७३२ प्रवासी, २२२ खलाशी आणि कर्मचारी, आणि चार तोफची. प्रवाशांत मोठा भरणा भारतीयांचा. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानं, नोकऱ्या, नातेवाईक असलेले लोक, बायकामुलांसकट. या कंपनीच्या बोटींवर कोकणातले खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड असणं ही त्या काळातली नेहमीची गोष्ट होती.

तीन दिवसांनी, २३ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास, जपानी पाणबुडी आय-२९ नं टॉर्पेडो मारला. लोक लाइफबोटींत उतरले. काही वेळानं दुसरा टॉर्पेडो आला आणि बोट गेली. वाचलेले लोक दोन दिवस उघड्या समुद्रात होते. मग ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' आली, तिनं आणि 'कार्थेज' या दुसऱ्या जहाजानं मिळून ६७८ जणांना उचललं. २७ नोव्हेंबरला वाचलेले लोक परत मुंबईत पोहोचले. २८० माणसं परत आली नाहीत.

आता बोटीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. चांदीच्या २,३९१ लगडी. साधारण साठ टन. ही चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं विकत घेतली होती, प्रिटोरियाच्या टांकसाळीत नाणी पाडायला.

पंच्याहत्तर वर्षं ती चांदी अडीच किलोमीटर खोल पाण्यात पडून होती. पोहून माणूस तिथे जाऊच शकत नाही. २०१७ मध्ये अर्जेंटम एक्स्प्लोरेशन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं यंत्रं खाली सोडून त्यातल्या २,३६४ लगडी वर काढल्या आणि इंग्लंडला साउदम्प्टनला नेल्या. किंमत सुमारे ४.३ कोटी डॉलर.

आणि मग खटला सुरू झाला. कंपनी म्हणाली, आम्ही ही चांदी वाचवली, आम्हाला बक्षीस द्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, ही आमच्या सरकारी मालकीची चांदी, तुम्हाला कोणी काढायला सांगितलं होतं?

इथे थांबून, हे 'बक्षीस' काय प्रकरण आहे ते बघू. कारण सगळी मेख तिथेच आहे.

समुद्रावर फार जुना नियम आहे. त्याला सॅल्व्हेज म्हणतात. समजा वादळात एक जहाज सापडलंय, आणि दुसऱ्या जहाजावरच्या माणसांनी जीव धोक्यात घालून ते किंवा त्यातला माल वाचवला. मालक सापडला की त्यानं वाचवणाऱ्याला मोबदला द्यायचा. कितीचा माल वाचला त्यावर मोबदला ठरतो. काही वाचलं नाही तर काही मिळत नाही. नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर दुसऱ्याच्या मालासाठी स्वतःचा जीव कोण घालेल? चालू जहाजांसाठी तो आजही हवाच.

अडचण येते ती हाच नियम तळाशी जाऊन पडलेल्या जुन्या जहाजाला लावला की. पुरातत्त्ववाले विचारतात, संकट कुठलं? दोनशे वर्षं जे जहाज तळाशी शांत पडलंय, त्याला वाचवायचं कशापासून? आणि दुसरं, मोबदला वर आलेल्या मालाच्या किमतीवर ठरतो. मग काढणारा काय काढेल? सोनं, चांदी, नाणी, चिनी मातीची भांडी. खलाशाची चप्पल, जेवणाचा वाडगा, धान्याचा साठा, जहाजाचे सांधे कसे जोडले होते, ही सगळी माहिती बाजारात शून्य किमतीची. ती वाटेत येते म्हणून बाजूला ढकलली जाते. आणि एकदा विस्कटली की पुन्हा मांडता येत नाही.

आता 'तिलावा'च्या खटल्याकडे परत. ब्रिटिश कायद्यात असं आहे की परक्या देशाच्या सरकारला सहसा ब्रिटिश कोर्टात खेचता येत नाही. अपवाद आहे. जहाज आणि माल दोन्ही व्यापारी कामासाठी वापरात असतील किंवा तशा कामासाठीच योजलेले असतील, तर त्या मालावर दावा चालतो. जहाज व्यापारी होतंच. प्रश्न चांदीचा. जहाजाच्या पोटात पडलेली चांदी १९४२ मध्ये 'व्यापारी वापरात' होती का? खालच्या दोन कोर्टांनी म्हटलं, हो. सर्वोच्च न्यायालयानं ८ मे २०२४ रोजी एकमतानं म्हटलं, नाही. चांदी नुसती नेली जात होती, तिचा कुठलाच वापर चालू नव्हता. आणि पुढे तिची जी नाणी होणार होती, ते काम मुख्यतः सरकारी. दक्षिण आफ्रिका जिंकली. निकालाच्या तोंडावर दोन्ही पक्षांची आपापसात तडजोड झाली होती, तरी मुद्दा महत्त्वाचा म्हणून कोर्टानं निकाल दिला.

निकाल कायद्याच्या दृष्टीनं मोलाचा आहे. पण बघा, या सगळ्या वर्षांत प्रश्न कुठला चालला होता? चांदी कोणाच्या मालकीची आणि तिचं भाडं कोणी द्यायचं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला सरकार. २८० माणसं जिथे गेली त्या जागेला हात लावायचा की नाही, लावायचा तर कसा, कोणाला विचारून, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. न्यायालयाचा यात दोष नाही. त्याच्यासमोर जे आलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. तो प्रश्न विचारायला लागेल असा कायदाच 'तिलावा'ला लागू नव्हता.

मग असा कायदा आहे का? आहे. तेच आजचं मुख्य सांगणं.

आधी १९८२ चा समुद्रविषयक करार, ज्याला समुद्राची राज्यघटना म्हणतात. भारतानं तो १९९५ मध्ये मान्य केला. तीनशेहून जास्त कलमं, त्यात बुडालेल्या वारशावर फक्त दोन. कलम १४९ म्हणतं, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रतळावरच्या पुरातन वस्तू साऱ्या मानवजातीच्या हितासाठी जपाव्यात. कोणी जपाव्यात, कशा, ते सांगत नाही. कलम ३०३ म्हणतं, समुद्रात सापडलेल्या पुरातन वस्तूंचं रक्षण करणं हे सगळ्या देशांचं कर्तव्य. छान. पण त्याच कलमात पुढे आहे की मालकांचे हक्क आणि सॅल्व्हेजचा कायदा यांना यामुळे बाधा येणार नाही. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

ही फट बुजवायला युनेस्कोचा करार आला. २ नोव्हेंबर २००१, पॅरिस. ८७ मतं बाजूनं, चार विरोधात, पंधरा तटस्थ. वीस देशांची मान्यता मिळून अमलात यायला २ जानेवारी २००९ उजाडलं. आज सत्तरहून अधिक देश त्यात आहेत. चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. शंभर वर्षं पाण्याखाली असलेली, माणसाच्या अस्तित्वाची खूण सांगणारी कुठलीही गोष्ट म्हणजे वारसा. जहाज, विमान, बुडालेलं गाव, त्याच्या आजूबाजूची जागासुद्धा.

दोन. आहे तिथेच ठेवणं हा पहिला विचार. वर काढायचं असेल तर कारण द्या, पैसे कुठून येणार ते दाखवा, काढल्यावर जतन कोण करणार ते आधी ठरवा. हे नुसतं तत्त्व नाही, अनुभव आहे. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ मध्ये बुडाली, १९६१ मध्ये वर काढली. पाण्यातलं लाकूड उघड्यावर वाळलं की आकसतं, तडकतं. म्हणून तिच्यावर सतरा वर्षं रसायनाचा फवारा मारत बसावं लागलं. आजही तिची देखभाल चालूच आहे. वर काढणं हा खर्चाचा शेवट नसतो, सुरुवात असते.

तीन. व्यापारासाठी खरेदी-विक्री नाही. लिलाव नाही, तुकड्यातुकड्यांनी विकणं नाही. सॅल्व्हेजचा नियम लावायचाच तर अधिकाऱ्यांची परवानगी आणि पूर्ण जतनाची हमी हवी.

चार. पाण्यातल्या मानवी अवशेषांचा योग्य तो आदर राखायचा. हे करारात स्पष्ट लिहिलंय.

आणि मोठ्या समुद्रावर, जिथे कोणाचीच हद्द नाही, तिथे? तिथे हा करार म्हणतो, ज्या सदस्य देशाचा त्या वारशाशी सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक संबंध आहे, आणि तो पडताळून दाखवता येतो, तो देश म्हणू शकतो की आम्हालाही विचारा. निर्णय मग सगळ्यांनी मिळून घ्यायचा, एक देश समन्वय करतो. इथे मालकी दाखवायची गरज नाही. नातं दाखवायचं. हा मुद्दा कृपया धरून ठेवा.

हे सगळं असूनही मालकीचा प्रश्न सुटत नाही, याचं एक उदाहरण. 'मर्सेदेस' नावाचं स्पॅनिश जहाज. दक्षिण अमेरिकेतून नाणी घेऊन येत होतं. ५ ऑक्टोबर १८०४ रोजी पोर्तुगालजवळ ब्रिटिशांनी उडवलं, अडीचशेच्या आसपास माणसं गेली. २००७ मध्ये ओडिसी या अमेरिकी कंपनीनं जवळजवळ सहा लाख नाणी वर काढून विमानानं फ्लोरिडाला नेली. सतरा टन. स्पेन कोर्टात गेला. म्हणणं असं की हे आमचं नौदलाचं जहाज, बुडालं तरी आमचंच. कोर्टानं मानलं, आणि २०१२ मध्ये नाणी स्पेनला परत गेली. आज ती कार्ताहेनाच्या संग्रहालयात आहेत, बाजारात नाहीत. हे चांगलंच झालं.

पण त्याच खटल्यात पेरू पण आला होता. तो म्हणाला, चांदी आमच्या डोंगरांतली, नाणी आमच्या लिमात पाडलेली. जहाजावर ज्या व्यापाऱ्यांचा माल होता त्यांचे वंशजही आले होते. अमेरिकी कोर्टानं त्यांच्या दाव्यांचा निवाडा केला नाही. सरकारी जहाज म्हटल्यावर आमचा अधिकारच संपला, असं म्हटलं. म्हणजे खजिना लिलावापासून वाचला, पण खाणीत राबलेल्यांच्या देशाला 'तुमचं काय म्हणणं?' असं विचारायची जागा तिथेही नव्हती. म्हणून पडताळता येणारं नातं ही युनेस्को करारातली तरतूद मला त्यातली सर्वात मोलाची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, मग 'तिलावा'ला हा करार लावा की. अडचण शंभर वर्षांची. 'तिलावा' १९४२ ची. तिची शंभरी भरणार २३ नोव्हेंबर २०४२ ला. पहिल्या महायुद्धातली जहाजं २०१४ ते २०१८ या काळात एकेक करून कराराच्या छत्राखाली आली. दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांना अजून थांबायचंय.

थांबेपर्यंत काय होऊ शकतं, याचं उदाहरण जावा समुद्रात आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिथल्या लढाईत 'डी रॉयटर', 'जावा' आणि 'कोर्टनार' या डच युद्धनौका बुडाल्या. शेकडो नाविकांची ती कबर. २०१६ मध्ये, लढाईच्या पंचाहत्तरीच्या तयारीसाठी पाणबुडे खाली गेले, तर जहाजं जागेवर नव्हती. दोन जवळजवळ पूर्ण गायब, तिसऱ्याचा मोठा भाग गायब. तळाच्या वाळूत नुसते खड्डे. भंगारवाल्यांनी लोखंड, तांबं, पितळ उचलून नेलं होतं. हजारो टनांच्या युद्धनौका, आणि कोणाला पत्ता नाही. तेव्हा 'अडीच किलोमीटर खोल आहे, कोण जातंय' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. 'तिलावा'पर्यंत यंत्रं पोहोचून आलीच आहेत.

दुसरी अडचण सदस्यत्वाची. करार फक्त सदस्य देशांना बांधतो. दक्षिण आफ्रिका सदस्य आहे. ब्रिटन नाही, अमेरिका नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे असंही नाही. मोठ्या नौदलांना भीती आहे की आपल्या युद्धनौकांवरचा हक्क पातळ होईल, आणि किनाऱ्यावरचे देश समुद्रात आपला अधिकार वाढवत नेतील. ब्रिटननं निदान कराराला जोडलेले पुरातत्त्वाचे नियम चांगली पद्धत म्हणून धोरणात घेतले आहेत. भारतानं मात्र या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे काहीच काम होत नाही, असं समजू नका. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं गोव्याजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. त्यात हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी मिळाली. सेंट जॉर्ज रीफजवळ दुसऱ्या एका बुडीत जहाजात 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा छाप असलेली कौलं मिळाली. बघा, कौलं! सोन्याच्या शोधात गेलेल्यानं ती फेकून दिली असती. पण त्या छापावरून ते जहाज त्या सालाच्या आधीचं नाही, एवढं तरी कळतं. विजयदुर्गजवळ पाण्याखालच्या भिंतीचा अभ्यास याच संस्थेनं केला. पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा २००१ पासून आहे.

कायदे आहेत, पण जमिनीवर उभं राहून लिहिलेले. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा मातीत पुरलेल्या धनाबद्दल बोलतो. १९५८ चा स्मारकांचा आणि १९७२ चा पुराणवस्तूंचा, दोन्ही साधारण शंभर वर्षांची अट घालतात. आणि आपल्या हद्दीबाहेर, जिथे 'तिलावा' पडली आहे, तिथे यातला कुठलाच कायदा पोहोचत नाही. तिथे आवाज काढायचा रस्ता एकच, तो करार.

मग माझं म्हणणं काय? 'तिलावा'चा तळ आपला, असं मी म्हणत नाही. बोट ब्रिटिश होती, चांदी दक्षिण आफ्रिकेची होती, पाणबुडी जपानी. आपली होती माणसं. मालकी मोजणाऱ्या कायद्यात माणसांचं वजन येत नाही, नातं मोजणाऱ्या कायद्यात येतं. भारत करारात असला तर २०४२ नंतर तो म्हणू शकेल, की तिथे काहीही करायच्या आधी आम्हाला विचारा, आमची माणसं आहेत तिथे. बाहेर राहिला तर ते म्हणायला उभं राहण्याची जागाच नाही. हातात वर्षं तशी थोडीच आहेत. असे निर्णय दिल्लीत किती सावकाश होतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि नातेवाइकांनी काही होत नाही, असं कोणी म्हणालं तर 'स्टोरा'ची गोष्ट सांगा. हे ब्रिटिश ताफ्यातलं मालवाहू जहाज नोव्हेंबर १९४३ मध्ये हेस्टिंग्जजवळ बुडालं. १९८५ मध्ये त्याचा सांगाडा चक्क विकला गेला. त्यावर गेलेल्या एका नाविकाच्या दोन मुली कोर्टात गेल्या. सरकार म्हणत होतं, हे व्यापारी जहाज, युद्धात मेलेल्यांच्या अवशेषांचा १९८६ चा कायदा याला लागत नाही. २००६ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, लागू शकतो. पुढे 'स्टोरा'ला संरक्षण मिळालं. दोन मुली, साठ वर्षांनंतर. त्यांच्याकडे चांदी नव्हती, वडील होते.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरात आफ्रिकेला गेलेलं, बोटीवर खलाशी किंवा स्टुअर्ड असलेलं कोणी असेल, तर जुन्या पेटीत बघा. तिकीट, पत्र, कंपनीची चिठ्ठी, फोटोमागे लिहिलेली तारीख. नावं लिहून ठेवा, कागदाचे फोटो काढून ठेवा. दावा सरकारच करेल, तुम्हीआम्ही नाही, पण नातं 'पडताळता' आलं पाहिजे असं करार म्हणतो, आणि पडताळणी कागदावर होते. आपल्याकडे आठवणी भरपूर असतात, कागद मात्र रद्दीत जातात.

आजच्या भागात एवढंच. काही विचारायचं असेल, किंवा पेटीत खरंच काही सापडलं, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.